मिडिया प्रॉडक्शनच्या प्रॅक्टिकलला गुण नेमके कशाचे द्यायचे?

नंदलालपुरा

इंदूरच्या एका कॉलेजात मी व्हिडिओ प्रॉडक्शनचं प्रॅक्टिकल घेते. तिसऱ्या सेमिस्टरला मुलांनी गटागटाने आठ-दहा मिनिटांचा माहितीपट करायचा असतो. यंदा सगळ्या वर्गाला मिळून एकच विषय दिलाय: अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीत निघणारे रोषणाईचे देखावे) आणि त्या उभ्या करणारे गिरणीकामगार.

इंदूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण ह्या इथल्या कापडगिरण्या. त्या एकेक करून बंद पडल्या, पण त्यांच्या नावाने गणपती बसतो आणि चतुर्दशीच्या रात्री त्यांच्या नावाच्या झांक्या अजूनही निघतात. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद झाली. तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या २२४ कोटींच्या थकबाकीचा प्रश्न सुटायला २०२३चा डिसेंबर उजाडला. ऐन पंचविशीत ज्यांचं काम सुटलं ते आता साठीला टेकलेत, आणि जे तेव्हाच चाळिशी ओलांडलेले होते त्यांच्याशी बोलून घ्यायला आपल्या हातात फार वेळ नाही. ह्या माणसांचं बोलणं वाईट रेकॉर्ड झालं तर ते पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून ह्या प्रॅक्टिकलकडे मी निव्वळ परीक्षा म्हणून बघूच शकत नाही.

आता मुद्दा. आमच्याकडे बहुतेक गुण तयार फिल्मला असतात. त्याचा परिणाम असा की मुलांचा सगळा जीव शेवटच्या चार दिवसांतल्या सजावटीवर. कुणी गिंबल, म्हणजे कॅमेरा न हलता धरणारा दांडा, भाड्याने आणतं, कुणी ड्रोनवाल्याला गाठतं, एडिटमध्ये तयार टेम्पलेट टाकलं जातं, खाली दणदणीत म्युझिक. आणि ज्या माणसाची मुलाखत घेतली त्याचं बोलणं पंख्याच्या घरघरीत बुडालेलं. ते कुणाला खटकतही नाही, कारण त्यावर गुण नाहीत.

माझं मत असं झालंय की निम्म्याहून जास्त गुण कच्च्या मालाला द्यावेत. न कापलेली मुलाखत, ध्वनी, शॉटलॉग (कुठल्या फाइलीत कुठला शॉट त्याची यादी), एडिटची प्रोजेक्ट फाइल. पहिली असाइनमेंट तर फक्त आवाजाची असावी, तीन मिनिटं, चित्र नाहीच. आणि चित्रीकरण सगळ्यांनी फोनवरच करायचं, घरी मिररलेस कॅमेरा असला तरी.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगावं, हे कितपत बरोबर? आणि तांत्रिक बाजूचं किमान काय शिकवायलाच हवं?

रामबागवाला

ताई, मी न्यूज चॅनेलसाठी कॅमेरा आणि एडिट दोन्ही करतो. तुमच्या म्हणण्याशी अर्धा सहमत.

कच्च्या मालाला गुण द्या, जरूर द्या. पण 'सजावट' म्हणून जे तुम्ही बाजूला सारताय त्यात पोरांची रोजीरोटी आहे. आज फील्डवर एकच माणूस शूट करतो, फोनवर किंवा लॅपटॉपवर कापतो आणि तिथूनच पाठवतो. ज्याला वेळेत फाइल बाहेर काढता येत नाही त्याचा शॉटलॉग कितीही सुंदर असो, डेस्कवर कुणी विचारत नाही. आमच्याकडे इंटर्न येतात त्यांना फाइल पाठवायची कशी हेही माहीत नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकतात, तो दाबला जाऊन येतो, पडद्यावर नुसते चौकोन. तोच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंत जसाच्या तसा येतो. एवढंही कुणी सांगितलेलं नसतं.

आणि झांक्यांचा विषय दिलाय म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर अख्खी रात्र वाया जाईल. लाइटचे पट्टे.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यावर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन अंधार-उजेड बघून शटरचा वेग, म्हणजे एकेक चित्र किती वेळ उजेड घेतं ते, आपल्या मनाने बदलत राहतो. मध्येच ते १/६० वर जातं, कधी १/१२० वर, आणि मग चित्रावर काळसर पट्टे सरकायला लागतात. झांकी म्हणजे नखशिखांत रोषणाईच, तिथे हे हमखास होणार. उपाय सोपा आहे, शटर १/५० किंवा १/१०० वर कुलूप लावून ठेवायचं आणि फ्रेमरेट २५, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात शटर हातात येत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं अ‍ॅप फुकट मिळतं, आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतं. त्यात शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक होतं आणि आवाजाचा मीटरही दिसतो.

एक अडचण राहतेच. स्वस्त एलईडी पट्ट्या आणि मोठे एलईडी स्क्रीन आपापल्या वेगळ्या चालीने लुकलुकतात, ५० हर्ट्झचं गणित त्यांना लागू पडत नाही. तिथे शटर थोडं थोडं सरकवून पट्टा कुठे थांबतो ते बघायचं. म्हणून चतुर्दशीच्या आधी, झांकी अजून शेडमध्ये उभी असताना, दिवे लावून चाचणी घेतात त्या संध्याकाळी पोरांना घेऊन जा. मिरवणुकीत जेल रोडच्या गर्दीत उभं राहून सेटिंग शोधायला कुणाला सवड मिळत नाही.

तिसरं_सेमिस्टर

मी विद्यार्थिनी आहे, ह्या कॉलेजची नाही, पण इंदूरचीच.

मॅडम, फोनवरच चित्रीकरण करायचं हे ऐकून बरं वाटलं. पण खरी दरी कॅमेऱ्यात नाही, लॅपटॉपमध्ये आहे. आमच्या गटात पाच जण. एडिटिंग झेपेल असा लॅपटॉप एकाकडेच. म्हणजे एडिटर तोच, आपोआप. लॅब संध्याकाळी पाचला बंद होते, आमची लेक्चर्स साडेचारपर्यंत. मग फुटेज त्याच्या घरी जातं आणि पुढचं सगळं त्याच्या खोलीत ठरतं. बाकीच्यांना फिल्म थेट सबमिशनच्या दिवशी दिसते.

आणि मुलींच्या वाट्याला काय येतं ते विचारा. रिसर्च, अँकरिंग, परवानगीची पत्रं लिहिणं. कॅमेरा आणि टाइमलाइन मुलांकडे. कुणी मुद्दाम करत नाही, पण दर सेमिस्टरला तसंच घडतं. गुण गटाला एकत्र मिळतात, त्यामुळे कुणी विचारतही नाही. दुसऱ्या वर्षाला येऊनही मी अजून एकही फिल्म स्वतः कापलेली नाही, आणि पोर्टफोलिओ मात्र स्वतःचा मागतात.

प्रत्येकाने एकेक मिनिटाचा तुकडा स्वतः कापायचा असा नियम केला तर?

टेपवाला_काका

सगळं वाचलं. मी शैक्षणिक टीव्हीच्या निर्मितीत तंत्रज्ञ होतो, निवृत्त झालोय.

युजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा शैक्षणिक कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ला दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी देशभर विद्यापीठांत केंद्रं उभी राहिली, इंदूरचं देवी अहिल्या विश्वविद्यालयातलं आजचं ईएमआरसी, म्हणजे शैक्षणिक मल्टिमीडिया संशोधन केंद्र, त्याच जाळ्यातलं. त्या काळी यू-मॅटिक, पाऊण इंची टेप. एडिट म्हणजे एका मशीनवर मूळ टेप, दुसऱ्यावर नवी, आणि शॉट एकामागे एक उतरवत जायचं. मध्ये एक शॉट आणखी घालायचा ठरला तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा. प्रतीची प्रत काढली की चित्र फिकं व्हायचं, रंग पसरायचे. म्हणून मशीनला हात लावायच्या आधी एडिट कागदावर पूर्ण व्हायचं. मुलाखत शब्दन् शब्द उतरवायची, समासात टाइमकोड (टेपवरची नेमकी वेळ), आणि मग पेन घेऊन बसायचं.

मी जुन्याच्या नावाने उसासे टाकणाऱ्यातला नाही. आज मुलगी तिच्या फोनवर जे करते ते करायला आम्हाला वातानुकूलित खोली आणि चार माणसं लागत. पण कागदावरचं एडिट टेपबरोबर जायला नको होतं. मशीनची मर्यादा होती म्हणून आम्ही ते करायचो हे खरं, पण त्यातून ऐकायची सवय लागायची. बोलणाऱ्याने वाक्य कुठे सोडलं, कुठे गिळलं, एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना काय बदललं, हे उतरवून काढताना कळतं. टाइमलाइनवर आवाजाच्या लाटा बघून कापणाऱ्याला ते कळत नाही.

तर नंदलालपुरा ताई, शॉटलॉगला गुण द्या म्हणालात, त्यात उतरवलेली मुलाखत आणि कागदी एडिटही घाला. तिसरं_सेमिस्टर, तुझ्या लॅपटॉपच्या अडचणीवरही हा एक मार्ग आहे बेटा. कागदी एडिट पाचही जणांनी एका टेबलाशी बसून करायचं, त्याला लॅपटॉप लागत नाही. मशीनवर बसणारा मग गटाने ठरवलेलंच उतरवतो.

दुसरं, प्रती. टेप खराब झाली तरी थोडंफार वाचायचं. कार्ड गेलं की सगळंच जातं. फुटेज उतरवलं की तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. प्रत झाली, उघडून बघितली, मगच कार्ड पुसायचं. ४के चित्रीकरण सेकंदाला ५० मेगाबिटने धरलं तर तासाला साडेबावीस जीबी होतात. हा हिशेब आधी करून घ्या, नाहीतर ऐन वेळी कुणीतरी 'जागा नाही' म्हणून सकाळची मुलाखत पुसतं. खरं तर ह्या कामाला १०८०पी पुरतं.

स्नेहलतागंज

फक्त आवाजाची पहिली असाइनमेंट, ह्याला माझा पूर्ण पाठिंबा. मी आवाजाचंच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

परदेशीपुऱ्यातलं, नंदानगरमधलं गिरणीकामगाराचं घर डोळ्यांसमोर आणा. पुढची खोली दहा बाय दहा, पत्र्याची किंवा आरसीसीची छत, भिंती उघड्या, फरशी. वर पंखा, कोपऱ्यात फ्रिज, आत कुकर, बाहेर गल्लीत भाजीवाला. मुलं काय करतात, फोन स्टँडवर लावतात सहा फुटांवर आणि फोनच्याच माइकवर रेकॉर्ड करतात. त्यात बोलणाऱ्यापेक्षा खोलीचाच आवाज जास्त येतो.

पंखा बंद करायला सांगायचं. उन्हाळा असला तरी, दहा-दहा मिनिटांनी थांबून. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू केल्याशिवाय निघताच येणार नाही. फरशीवर सतरंजी, बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीला चादर किंवा रजई टांगली तरी घुमणं निम्म्यावर येतं. कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली, साडीच्या पदराला किंवा शर्टाच्या पट्टीला, पण घासणार नाही असा. तारवाला साधा माइक चालतो. तो दुसऱ्या फोनला लावा आणि तो फोन खिशात ठेवून द्या, एरोप्लेन मोडवर. दोन्ही फोनचं रेकॉर्डिंग चालू झालं की कॅमेऱ्यासमोर एक टाळी. एडिटमध्ये ती टाळी जुळवली की चित्र-आवाज जुळले.

मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. शून्याला टेकली की डिजिटल आवाज फाटतो आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत शिवता येत नाही. थोडा हळू आवाज वाढवता येतो. आणि रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा, एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ असा घोळ नको.

मुलाखत संपल्यावर कुणीही न बोलता एक मिनिट त्या खोलीचा नुसता आवाज घ्यायचा. कापाकापीत जिथे भोक पडतं तिथे तो भरायला लागतो. ऑडॅसिटी ह्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घरघर कमी करायची तर तिला नमुना म्हणून हाच तुकडा द्यावा लागतो. मुलांना हे एक मिनिट फार जड जातं, पण त्याच मिनिटात त्यांना पहिल्यांदा खोली ऐकू येते.

आता एक गोष्ट जी हटकून गोंधळ करते. फोन व्हिडिओ करताना फ्रेमरेट कायम ठेवत नाही, २९ वर जाईल, ३१ वर जाईल. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला हे पचत नाही. सुरुवातीला जुळलेले ओठ वीसएक मिनिटांच्या मुलाखतीत शेवटी शेवटी निसटतात. मुलं म्हणतात माइक खराब होता. माइकचा काही संबंध नसतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल एकदा काढून घ्या, मग एडिटला बसा.

रामबागवाला

स्नेहलतागंज, किल्लीची युक्ती मीही वापरतो. आणि ते हँडब्रेकचं फळ्यावर लिहून ठेवावं असं आहे.

लॅपटॉपबद्दल: साध्या मशीनवरही काम होतं, प्रॉक्सी बनवा. मूळ फाइल जड, तिची हलकी प्रत सॉफ्टवेअरच तयार करतं, तुम्ही हलक्यावर कापा, शेवटी ते मूळ फाइल जोडून घेतं. दाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत फाइल काढून देते, कॉलेजच्या कामाला ती भरपूर झाली. त्यापेक्षा हलकं हवं तर केडेनलाइव्ह.

कायदेशीर_मावशी

ड्रोन आणि म्युझिक असे दोन शब्द दिसले म्हणून लिहिते.

ड्रोन उडवायचा झाला तर आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. ड्रोन नियम २०२१नुसार हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. आपला विमानतळ शहराला लागूनच आहे. शिवाय मिरवणुकीसारख्या गर्दीवर ड्रोन नेणं म्हणजे लोकांच्या डोक्यावर धोका टांगणं. पोलिसांचा त्या रात्रीचा बंदोबस्त वेगळाच असतो. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या कामात हे सरळ बंद असावं.

गाणी: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. शिक्षणासाठी, वर्गात, संस्थेतले विद्यार्थी-शिक्षक-पालक एवढ्यांपुरतं दाखवायला त्यात सवलती आहेत. पण तीच फिल्म यूट्यूबवर चढवली की ती सवलत तुमच्याबरोबर येत नाही. मुलांना दोन्ही हवं असतं, गुणही आणि चॅनेलही. तेव्हा पहिल्यापासूनच मोकळ्या परवान्याचं संगीत घ्या, यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे झांकीसमोर जे वाजतं ते स्वतः रेकॉर्ड करा, पण वाजवणाऱ्या पथकाला विचारून. आणि डीजेवर सिनेमाचं गाणं चालू असेल तर ते तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आलं म्हणून तुमचं होत नाही.

संमतीपत्र हिंदीत किंवा मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात. फिल्म कुठे दाखवणार, इंटरनेटवर टाकणार का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. वर्गात दाखवायला हो म्हणणारा माणूस नेटवर टाकायला नाही म्हणू शकतो. थकबाकीचे आकडे, आजारपण, घरची भांडणं असं बोलण्याच्या ओघात येतं. ते ठेवायचं की नाही हे कापलेला भाग त्या माणसाला दाखवून विचारा. ज्याची गोष्ट आहे त्याला ती सबमिशनच्या आधी बघायला मिळाली पाहिजे, ह्याला तर गुणच ठेवा.

नंदलालपुरा

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, शेवटचा मुद्दा लगेच घेतला.

तिसरं_सेमिस्टर, तू लिहिलंस ते मला वर्गात कुणी इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने स्वतः कापायचं हे तर हवंच. शिवाय भूमिका दर टप्प्याला फिरवायच्या असं ठरवते: जी मुलाखत घेईल ती पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर. लॅबच्या वेळेबद्दल विभागप्रमुखांशी बोलते, आठवड्यातून दोन दिवस तरी सातपर्यंत उघडी राहावी म्हणून.

अजून एक विषय राहिलाय. एआय. ह्या सेमिस्टरला तो टाळून चालणार नाही.

तिसरं_सेमिस्टर

हो मॅडम, आमच्याकडे आत्ताच झालं. दुसऱ्या एका गटाला गिरणीच्या आतलं जुनं चित्रीकरण मिळेना, म्हणून त्यांनी एआयने मागांचं शेड बनवलं. धूसर, पिवळट, दिसायला एकदम खरं. मग गिरणीतल्याच एका आजोबांना फोनवर दाखवलं. ते विणखात्यात होते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाले, "ह्या मागांमध्ये माणूस उभा कुठे राहणार? मध्ये वाटच नाही. सूत तुटलं तर जोडायला हात कुठून घालायचा?" मग त्यांनी पायानेच फरशीवर दाखवलं, दोन मागांत किती जागा असायची, कांडी बदलताना कसं वळायचं, मागे कोण उभा असायचा. ते पायाने दाखवत होते तेव्हा कुणी रेकॉर्डच केलं नाही. कॅमेरा बॅगेत होता.

टेपवाला_काका

मग फिल्म तिथेच होती की. त्या आजोबांना पुन्हा विचारा, आणि ह्या वेळी कॅमेरा पायांवर ठेवा.

इंदूरात विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळल्या पानांतून, मोडक्या-टाकाऊ वस्तूंतून आकार बघायला अख्ख्या शहराला शिकवलं. नाही ते आणण्याआधी समोर आहे ते बघा, एवढंच मी मुलांना सांगेन. जुनं चित्रीकरण नाही ना, मग हजेरीकार्ड असेल, गेटपास असेल, गणपतीतला एखादा ग्रुप फोटो असेल भिंतीवर. तो स्कॅन करा, खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून फोनने काढला तरी चालतो, फक्त फ्लॅश नको.

रामबागवाला

काका, मान्य. पण एआय सरसकट बंद म्हणू नका. मुलाखती उतरवायला ते फार कामाचं आहे. व्हिस्पर नावाचं, बोलणं ऐकून लिहून देणारं मॉडेल २०२२ पासून मोकळं उपलब्ध आहे, मराठी-हिंदी दोन्ही घेतं. तासाभराच्या मुलाखतीचा कच्चा मसुदा लवकर हातात येतो.

फक्त आपल्याकडची माणसं एका वाक्यात मराठी, हिंदी, माळवी तिन्ही बोलतात. "मग मी उनको बोल्या की पगार देई दो", हे मशीनला कळत नाही, ते स्वच्छ हिंदी करून टाकतं. आणि गिरणीतले शब्द तर वाट्टेल ते छापतं.

स्नेहलतागंज

तेच तर. माणसाचं बोलणं 'शुद्ध' होऊन आलं की त्या कागदावरून केलेलं एडिटही चुकणार. मसुदा मशीनचा चालेल, पण तो आवाजासमोर धरून हाताने दुरुस्त केलेला हवा. दुरुस्त्या लाल शाईत दिसू द्या आणि त्यालाच गुण द्या. कुणी खरंच ऐकलं ते त्या लाल शाईतून कळतं.

आवाजाची नक्कल मात्र नको, कुठल्याही कारणाने. एक शब्द नीट आला नाही म्हणून त्या माणसाच्या आवाजात तो तयार करून घालणं म्हणजे त्याने न बोललेलं त्याच्या तोंडी घालणं. खाली उपशीर्षक द्या, काम झालं.

देवनागरीप्रेमी

उपशीर्षकांचं निघालंच आहे म्हणून. प्रीमियर ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की 'हिंदी'तला ऱ्हस्व इकार भलतीकडे जातो, जोडाक्षरं सुटी होतात. मुलं कंटाळून उपशीर्षकं इंग्रजीत करतात, घरचे आजी-आजोबा मग बघत बसतात. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा, सगळं जागेवर येतं. फाँट युनिकोड हवा: मुक्ता, नोटो, बलू, सगळे फुकट आहेत. कृतिदेव ह्या जुन्या फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि उपशीर्षकांची एसआरटी फाइल सेव्ह करताना यूटीएफ-८, नाहीतर दुसऱ्या मशीनवर प्रश्नचिन्हं दिसतात.

नंदलालपुरा

आता माझ्याकडे पुरेसं आहे. विभागात मांडायला मसुदा करतेय, तो असा.

१००पैकी तयार फिल्मला ३५. रामबागवाला, तुमचं म्हणणं पटलं, म्हणून ह्या ३५ मध्ये ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या फॉरमॅटमध्ये फाइल देणं धरलंय, आणि त्याच मजकुरातून साठ सेकंदांची उभी आवृत्तीही. आवाजाच्या पहिल्या असाइनमेंटला २०. उतरवलेली आणि लाल शाईत दुरुस्त केलेली मुलाखत, कागदी एडिट आणि लॉग मिळून २०. प्रत्येकाने स्वतंत्र कापलेल्या एका मिनिटाला १५, ते लॅबमध्येच कापायचं आणि प्रोजेक्ट फाइल उघडून मी तिथेच प्रश्न विचारणार. उरलेले १० संमतीपत्रं, प्रती, फाइलींची नावं आणि ज्याची गोष्ट त्याला दाखवून आल्याची नोंद, ह्यांना. ड्रोन नाही. एआयने बनवलेलं चित्र नाही, बनवलेला आवाज नाही. उतरवायला मशीन वापरलं तर कुठलं ते लिहायचं.

निम्म्याहून जास्त गुण कच्च्या मालाला असं मी सुरुवातीला म्हटलं होतं. आवाज, कागदी काम आणि प्रोजेक्ट फाइलवरची तोंडी मिळून ५५ होतात. ह्यावर मी ठाम आहे. विद्यापीठाच्या अंतर्गत मूल्यमापनात हे बसवता येतं, अभ्यासक्रम बदलावा लागत नाही.

रामबागवाला, झांकीच्या शेडमध्ये चाचणीच्या संध्याकाळी येऊन मुलांना शटरचं दाखवाल का?

रामबागवाला

येतो ताई. रविवार असेल तर नक्की. पोरांना सांगा, अ‍ॅप आधीच टाकून ठेवा, फोनमध्ये निदान २० जीबी रिकामे करा आणि पॉवर बँक आणा. शेडमध्ये प्लग पॉइंट असला तरी तो झांकीवाल्यांचा, त्याला हात लावायचा नाही.

स्नेहलतागंज

मीही येते. माझ्याकडचे तारवाले कॉलर माइक आणते, गटाला एक पुरेल. ज्या फोनना हेडफोनचं गोल भोक नाही त्यांनी टाइप-सीचा जोड आणावा, माइक चालणारा, नुसता हेडफोनचा नव्हे.

तिसरं_सेमिस्टर

मॅडम, दुसऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आलं तर चालेल का? आम्ही चौघी येऊ. त्या आजोबांनाही विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत. त्यांचं घर पाटनीपुऱ्यातच आहे.

नंदलालपुरा

चालेल काय, याच. झांकीवाल्यांशी बोलून शेडची वेळ उद्या इथेच कळवते. आजोबांकडे आधी जाऊ, उजेड असतानाच, मग शेडवर.